अपीलवाले साहेब

नगर जिल्ह्यात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा मंडळींची गणती करावयास कोणी बसले, तर कारखान्याचे चेअरमन, बाजार समितीचे सभापती, जिल्हा बँकेचे संचालक आणि ज्यांच्या घरी लग्नसराईत पत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात असे दोन-चार माजी आमदार, एवढी नावे तो एका दमात सांगेल, परंतु या सर्वांना वर्षा-दोन वर्षांतून एकदा ज्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि चढल्यावर चपला दाराशी काढून, सभेत लावायचा आवाजही तेथेच ठेवून, "साहेब, आता कसं करायचं?" असे हलक्या स्वरात विचारावे लागते, त्या गृहस्थाचे नाव त्या यादीत बहुधा सापडणार नाही. हा गृहस्थ म्हणजे सहकारी साखर कारखान्यांची आयकराची भांडणे चालविणारा वकील होय. त्याची पाटी लहान असते. मोठी पाटी लागते ती रस्त्याने जाता-येता पक्षकार गाठावयाचे असतात त्यांना. ज्याच्याकडे खुद्द आयकर खातेच स्वतःच्या टपालखर्चाने पक्षकार धाडते, त्याला जाहिरातीचे प्रयोजन काय?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात या साहेबांना फारसे कोणी ओळखत नाही. तेथील वकिलीत पदोपदी नाट्य असते: खुनाच्या खटल्यात साक्षीदार उलटतो, वाटणीच्या दाव्यात परागंदा झालेला भाऊ अकस्मात हजर होतो, आणि बांधाच्या तंट्यात वादीपेक्षा वादीची आईच अधिक कायदा सांगते. अपीलवाल्या साहेबांच्या वकिलीत मात्र काहीच घडत नाही. आणि हे काहीच न घडणे विधिवत, सशुल्क आणि वर्षानुवर्षे चालू ठेवणे, हेच त्यांच्या कलेचे मर्म आहे. दावा जिंकून देणारा वकील पक्षकाराच्या एकदाच उपयोगी पडतो, हरणारा तर तेवढाही पडत नाही. जो दावा जिवंत ठेवतो त्याचे वकीलपत्र मात्र चेअरमन बदलले, पॅनेल बदलले, सरकार बदलले तरी बदलत नाही, अशी त्यांची जीवननिष्ठा आहे. जिल्ह्याचे नाव बदलून २०२४ साली अहिल्यानगर झाले. साहेबांच्या कपाटातील कैक प्रकरणे अद्याप जुन्याच नावाने चालली आहेत, आणि शीर्षकात दुरुस्ती मागण्याचा अर्ज करावा किंवा कसे, यावर विचार चालू आहे.

वय साठीच्या पलीकडे, बांधा आटोपशीर, मिशी राखलेली पण तिने काही सुचवू नये इतकी बेताची. चष्मे दोन, एक कलम वाचण्याचा आणि दुसरा त्या कलमाखालचे बारीक टायपातले परंतुक वाचण्याचा. पहिल्या चष्म्याने पाहिलेल्या गोष्टीवर साहेब कधीही विश्वास ठेवीत नाहीत. सावेडीच्या बंगल्यात खालच्या मजल्यावर त्यांची कचेरी असते, आणि तिच्यात भिंत अशी दिसतच नाही, कारण चारही बाजूंनी कर-निर्धारण वर्षांच्या क्रमाने लावलेली दप्तरे छतापर्यंत गेलेली असतात. कर-निर्धारण वर्ष हे उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचे वर्ष असे. साहेबांचे सगळे आयुष्य त्यांना त्याच हिशेबाने आठवत असल्यामुळे थोरल्या चिरंजिवांचे लग्न, बंगल्याची वास्तुशांत आणि वडिलांचे श्राद्ध या तिन्ही बाबतींत त्यांची साल सांगण्यात नेमकी एका वर्षाची चूक होते, आणि ती चूक नसून कायद्याची परिभाषा आहे असे ते सौभाग्यवतींना गेली कित्येक कर-निर्धारण वर्षे समजावून सांगत आलेले आहेत.

साहेबांचा जन्म सामान्यतः अशा घरात होतो की जेथे आयकर भरण्याचा प्रसंग कोणावरच आलेला नसतो. वडील प्राथमिक शाळेतले गुरुजी, आजोबा पारनेर किंवा पाथर्डीकडच्या जिराईत जमिनीचे खातेदार, आणि शेतीच्या उत्पन्नाला आयकर लागत नाही हे घराण्याला ठाऊक असलेले या शास्त्रातील एकमेव सूत्र. नगरला वाणिज्य शाखेची पदवी, मग कायद्याची पदवी आणि मग पुण्यात एखाद्या बुजुर्ग वकिलांच्या कचेरीत उमेदवारी, हा पुढला मार्ग ठरलेला. उमेदवारीच्या काळात पेपरबुकाला पृष्ठक्रमांक घालणे, अनुक्रमणिका लिहिणे आणि प्रत्येक नकलेवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारणे यापलीकडे काही शिकविले जात नाही. परंतु ज्याने शेकडो पानांना हाताने क्रमांक घातले आहेत त्याला समोरच्या पक्षाच्या कागदपत्रांत एकशे सत्तेचाळिसावे पान गायब आहे हे केवळ स्पर्शाने कळते, आणि अपिलाच्या रणांगणात या विद्येचे मोल व्याकरण-मीमांसेहून अधिक आहे. बुजुर्गांच्या मेजावर जमशेदजी कांगा आणि नानी पालखीवाला यांचा, १९५० साली प्रथम प्रसिद्ध झालेला आयकरावरील ग्रंथ असे. त्याला उमेदवाराने परवानगीवाचून हात लावू नये असा दंडक होता. सबब आमच्या साहेबांनी तो बुजुर्ग दुपारी वामकुक्षी करीत त्या वेळात वाचून काढला.

नगरला परतल्यावर प्रारंभीची वर्षे दाळमंडई आणि आडते बाजारातील व्यापाऱ्यांच्या सेवेत गेली. तेथील भांडणे लहान, परंतु शिक्षण मोठे. कच्च्या वहीतील आकडा पक्क्या वहीत येईपर्यंत कसा कृश होतो, आणि उचंत खाते या नावाखाली मनुष्यस्वभावाचे किती पैलू सामावतात, याचे दर्शन त्यांना तेथे घडले. राज्यकर्त्याने हिस्सा मागावा आणि रयतेने त्यावर हरकत घ्यावी, ही परंपरा या भूमीला नवी नाही. ज्या अहमद निजामशहाने १४९० साली हे शहर वसविले त्याच्याच निजामशाहीत पुढे मलिक अंबराने जमिनीची प्रत लावून धारा बांधला. त्या धाऱ्यावर पहिले अपील कोणी दाखल केले असेल, या चिंतनात साहेब भुईकोट किल्ल्याच्या प्रभातफेरीत रमून जातात. इंग्रजी अमलात जेम्स विल्सन साहेबाने १८६० साली आयकर आणला तो १८५७ च्या बंडाने रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी. तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा पुढे १९२२ आणि १९६१ चे कायदे अंगावर चढवून कायमचा राहिला, आणि त्याच्या मागोमाग साहेबांसारख्यांची चूल पेटली.

परंतु त्यांचा खरा भाग्योदय झाला तो कारखान्याची अ‍ॅम्बेसेडर ज्या दिवशी दाराशी येऊन उभी राहिली त्या दिवशी. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि पुढे कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, सोनई, भेंडे, श्रीगोंदे, अकोले असे करीत जिल्हाभर धुराडी उभी राहिली. ऊस विकणारा सभासद आणि ऊस घेणाऱ्या कारखान्याचा मालक हा एकच मनुष्य झाला. अर्थशास्त्रज्ञांनी या अद्वैताचे कौतुक केले. आयकर खात्याने नेमके त्याच अद्वैतावर बोट ठेवले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये केंद्र सरकार उसाची किमान किंमत ठरवी, १९७४ साली त्यात आलेल्या ५-अ या कलमाने हंगामाअखेर जादा किमतीची वाट मोकळी करून दिली, आणि महाराष्ट्रातील कारखाने राज्य सरकारच्या मान्यतेने किमान किमतीहून चढा अंतिम दर सभासदांच्या पदरात घालू लागले. कारखान्याच्या जमाखर्चात ही सर्व रक्कम उसाची खरेदी, म्हणजे खर्च. खात्याचे म्हणणे असे की, किमान किमतीपर्यंतची खरेदी खरी, तिच्यावरचा पैसा हा मालकाने मालकाला वाटलेला नफा, सबब त्यावर कर भरा. कारखाना म्हणे, नफा उरलाच नाही, कारण तो उसाच्या दरात गेला. खाते म्हणे, तो उसाच्या दरात गेला म्हणूनच तो नफा होता. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाला निदान एक दिवस निकाल लागला.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एकदा जाऊन थांबला नाही. सातपुडा-तापी परिसर कारखान्याच्या प्रकरणात तो २०१० साली गेला आणि फेरविचारासाठी खाली आला. कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात सभासदांना दिलेल्या सवलतीच्या साखरेचा सोयरा प्रश्न २०१२ साली गेला आणि तोही खाली आला. तासगाव कारखान्याच्या प्रकरणात मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने, जादा दरात नफ्याचा जो अंश असेल तेवढाच काय तो वाटप समजावा असे तत्त्व सांगितले, आणि तो अंश नेमका किती हे शोधण्यासाठी प्रकरणे कर-निर्धारण अधिकाऱ्याच्या मेजावर, म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी जेथून ती निघाली होती त्याच मेजावर, परत पाठविली. ऊस तुटला तरी बुडखा जमिनीत राहतो, त्याला खोडवा फुटतो आणि खोडव्यामागून निडवा येतो. साहेबांचे दावे याच वाणाचे असून, लागणीचा खर्च एकदाच येतो आणि पुढली पिके निव्वळ देखभालीवर निघतात. बाकीच्या जगात रिमांड म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. साहेबांच्या घरी प्रकरण रिमांड झाले की श्रीखंड करतात.

कृष्णेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे विचारले होते ते साहेबांना तोंडपाठ आहे: सभासदांना सवलतीत साखर देणे ही सहकारी साखर उद्योगातली रूढी आहे काय, आणि दिवाळीव्यतिरिक्त दरमहा द्यावयाच्या साखरेचे प्रमाण कोणत्या आधारावर ठरते? या प्रश्नाने साहेबांच्या विद्वत्तेला जो बहर आला तो अन्य कोणत्याही कलमाने आलेला नाही. त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभांचे ठराव काढविले, साखर वाटपाच्या कार्डांच्या नकला मिळविल्या, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गोदामापुढे पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या रांगेची छायाचित्रे पृष्ठक्रमांकासह जोडली. एका वयोवृद्ध सभासदाचे प्रतिज्ञापत्रही झाले. त्यात म्हाताऱ्याने, आपण कारखान्याचे शेअर घेतले ते उसासाठी की साखरेसाठी हे आता आपल्यालाच आठवत नाही, परंतु साखर कधी चुकली नाही, असे सत्यप्रतिज्ञेवर सांगितले. करंजीला साखर लागते ही बाब न्यायालयाने स्वतःहून गृहीत धरावी की पुराव्याने शाबीत करावी, यावर साहेबांनी ज्युनिअरला टिपण करावयास सांगितले, आणि त्या टिपणाचे बिल वेगळे लावले.

कारखान्याची मंडळी येतात ती बहुधा शनिवारी, दिवेलागणीला. चेअरमन, कार्यकारी संचालक आणि त्यांच्या मागे बगलेत फाईल दाबून धरलेले चीफ अकाउंटंट. फाईलमध्ये मुदतीच्या अगदी अखेरच्या दिवशी काढलेला कर-निर्धारणाचा हुकूम असतो आणि त्याच्या पाठीला जोडलेली वसुलीची नोटीस. नोटिशीतला आकडा पाहून चेअरमनांना रात्री झोप लागलेली नसते. साहेब मात्र आकडा पाहतच नाहीत, ते थेट शेवटच्या पानावर जातात.

"हा हुकूम हाती कधी आला?"

"सोमवारी."

"कोणत्या सोमवारी, ते आवक-वहीत बघा. तीस दिवस तिथून मोजायचे."

"ते मोजू हो, पण साहेब," चेअरमन म्हणतात, "पैसे गेले सभासदाच्या खात्यात, तिथून गेले ट्रॅक्टरच्या हप्त्यात अन् पोरीच्या लग्नात. आता ह्यांना द्यायचे कुठून?"

"द्यायचे कोण म्हणतं? अपील करू, स्थगिती मागू."

"मग काहीच भरायचं नाही?"

"स्थगितीसाठी वीस टक्के भरा म्हणतात."

वीस टक्के हे खात्याचे २०१७ सालापासूनचे धोरण आहे हे चीफ अकाउंटंटना माहीत असते, पण ते बोलत नाहीत, कारण चेअरमनांना वाईट बातमी सांगण्याचे काम बाहेरच्या माणसाने करावे यासाठीच तर वकील नेमलेला असतो. चेअरमन मनातल्या मनात बगॅसचे पैसे, मोलॅसिसचे पैसे आणि येणारी निवडणूक यांचा मेळ घालीत थोडा वेळ स्तब्ध बसतात. मग साहेब, घरातील मोठ्या माणसाने धाकट्याची समजूत घालावी अशा स्वरात, "आपण पाचाची विनंती करू, ते दहा म्हणतील, हप्ते पाडून घेऊ," असे सांगतात आणि चहा मागवितात. फीचा शब्द कोणीही काढीत नाही. तो वार्षिक अहवालात 'कायदेशीर खर्च' या सदराखाली मागाहून प्रकट होतो, आणि सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला, साहेबांमुळे आपण किती कोटी भरावयाचे थांबलो आहोत हे टाळ्यांच्या कडकडाटात सांगण्यात येते.

पहिले अपील आयुक्तांकडे, दुसरे पुण्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे. हे न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ रोजी अस्तित्वात आले. न्याय निष्पक्ष, सुलभ आणि सत्वर असावा असे त्याचे ब्रीद आहे. पैकी पहिल्या दोन विशेषणांविषयी साहेबांच्या मनात आदर आहे आणि तिसऱ्याविषयी भीती. सुनावणीच्या दिवशी पहाटे पेपरबुकांचे गठ्ठे गाडीच्या डिकीत भरून प्रस्थान होते. सुपे जाते, शिरूर जाते, रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच नमस्कार होतो. आणि तो नमस्कार विजयासाठी असतो असे मानणाऱ्या ज्युनिअरला साहेब वाटेतच सुधारतात, की देवाजवळ निकाल मागू नये, समोरच्या पक्षाने तारीख मागावी एवढेच मागावे. आपण तारीख मागितली तर आपण दिरंगाई करतो. खात्याच्या प्रतिनिधीने मागितली तर आपण तयार होतो, असा शेरा नोंदला जातो. ज्या दिवशी प्रार्थना फळते त्या दिवशी पुकारा होतो, दोन्ही बाजू उभ्या राहतात, खात्याचे प्रतिनिधी जुने दप्तर अद्याप आले नसल्याचे निवेदन करतात, साहेब अतीव खेदाने मान हलवितात, प्रकरण तहकूब होते, आणि काळा कोट हातावर टाकून साहेब जेव्हा जिना उतरतात तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे समाधान असते ते जिंकलेल्या वकिलाच्या मुद्रेवर कधीही पाहावयास मिळत नाही.

कारखाने हे त्यांचे वैभव, परंतु नित्याची भाकरी पतसंस्थांची. नगर जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली असून त्यांच्या व्याजाच्या उत्पन्नाला कलम ८०-प ची वजावट मिळावी की मिळू नये हा दुसरा अखंड यज्ञ आहे. या यज्ञात विघ्न आणले ते उत्तर कर्नाटकातील सिरसीच्या टोटगार्स सोसायटीने. तेथील सुपारी-बागाईतदारांच्या या संस्थेने शिल्लक पैसा गुंतवून मिळविलेल्या व्याजावर वजावट मागितली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती नाकारली, आणि तेव्हापासून ज्याने जन्मात सिरसी पाहिली नाही अशा शेवगावच्या सचिवालाही त्या सुपारीचा जाब द्यावा लागतो. पुढे जानेवारी २०२१ मध्ये केरळातील मावीलायी बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सहकाराला अनुकूल असा निर्णय दिला. साहेबांच्या मेजावर तेव्हापासून खात्याच्या बाजूने सिरसी आणि आपल्या बाजूने मावीलायी असे दोन ढीग असतात, आणि ज्या साहेबांनी स्वतःच्या सौभाग्यवतींना महाबळेश्वरापलीकडे कधी नेले नाही, ते दक्षिण हिंदुस्थानचा भूगोल अशा रीतीने बसल्या जागी फिरून आलेले आहेत.

या स्थिर जीवनात खळबळ उडाली ती २०२० साली. त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरपासून आयुक्तांकडील अपिले चेहराविरहित झाली. अर्जदाराने संगणकावर कागद चढवावेत आणि भारतवर्षातील कोणत्या अधिकाऱ्याने ते वाचले याचा थांगपत्ता त्याला लागू नये, अशी ती योजना. साहेबांची तीस-चाळीस वर्षांची विद्या चेहरे वाचण्यात खर्ची पडली होती. अधिकाऱ्याच्या मुलीच्या बारावीच्या गुणांपासून संभाषण सुरू करून कलम ३७ पर्यंत कसे अलगद यावे, चहा आला की मुद्दा मांडावा की बिस्किटे येईपर्यंत थांबावे, हे सारे शास्त्र एका रात्रीत निरुपयोगी झाले. त्यातच अदृश्य अधिकारी कोणत्या प्रांतातला असेल याचा नेम नाही. ऊसतोडणीच्या टोळीला दिलेल्या उचलीसंबंधी एकदा प्रश्न आला, की मुकादम या इसमाचे पूर्ण नाव व पॅन क्रमांक कळवावा, तसेच सर्वच टोळ्यांची रक्कम मुकादम नावाच्या एकाच इसमाने का उचलली, याचा खुलासा करावा. साहेबांनी बारा पानी उत्तर लिहिले. त्यात पाथर्डी आणि बीडकडच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या बैलगाड्या, कोयता, पाचट आणि मोळी यांचे असे हृद्य वर्णन उतरले की एखाद्या दिवाळी अंकाने ते आनंदाने छापले असते. संकेतस्थळाने मात्र फाईलचा आकार मर्यादेबाहेर आहे असे म्हणून ते परत केले.

आपल्या हातून न चाललेल्या, परंतु आपल्या जिल्ह्यातल्या म्हणून आपल्याच मानलेल्या एका प्रकरणाविषयी साहेब तासन्‌तास बोलू शकतात, आणि ते म्हणजे शिर्डीच्या संस्थानचे. दानपेटीत पडलेल्या पैशावर दात्याचे नाव नसते. निव्वळ धर्मादाय संस्थेला असे निनावी दान आले तर त्यावर ३० टक्के कर, संस्था धार्मिकही असेल तर सूट, असा कायदा असल्याने, साईबाबा संस्थान हे धर्मादाय आहे पण धार्मिक नाही, अशी भूमिका खात्याने घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही आहे असा निर्वाळा दिला. काकडआरतीला पहाटे रांग लावणाऱ्या भाविकाला हे आधीपासून ठाऊक होते असे आपण म्हणाल. साहेब म्हणतात, ठाऊक असणे निराळे आणि ठरणे निराळे. दारोदार भिक्षा मागून दुपारची भाकरी मिळविणाऱ्या फकिराच्या नावाने आलेल्या पैशाचा दाता कोण, हा प्रश्न खात्याला पडावा, त्यावर लायब्ररीभर निवाडे निघावेत आणि अखेर फकिराची सरशी व्हावी, यात साहेबांना जी भक्ती आढळते ती त्यांना देवळात आढळत नाही.

घरात त्यांचा अंमल चालत नाही, परंतु त्यांची भाषा चालते. भाजीत मीठ जास्त झाले तर ते 'हक्क राखून' जेवतात. सौभाग्यवतींच्या भिशीची वर्गणी देताना 'हरकतीसह' देतात. मुलाला यायला उशीर झाला तर विलंबमाफीसाठी दर दिवसाचे स्वतंत्र कारण मागतात, आणि कारण समाधानकारक असले तरी ज्येष्ठ पीठाकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे, प्रकरण वर्ग करतात. एकदा खुद्द साहेबांनाच त्यांच्या विवरणपत्रातील फरकापोटी काही शे रुपयांची मागणी नोटीस आली. ज्युनिअर मंडळींनी हौसेने अपिलाचे मुद्दे काढले, तिघांनी तीन निवाडे शोधले, आणि नोटीस मुळातच मुदतबाह्य आहे असे एकाने सिद्ध करून दाखविले. साहेबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि त्याच दुपारी बँकेत माणूस पाठवून व्याजासह रक्कम भरून टाकली. "अपील कोणी करावं?" ते म्हणाले, "ज्याचा पैसा स्वतःचा नसेल त्यानं."

मग १ फेब्रुवारी २०२३ उजाडली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पात जाहीर केले की, २०१६-१७ या कर-निर्धारण वर्षापूर्वी सहकारी कारखान्यांनी उसापोटी शेतकऱ्यांना दिलेले पैसे खर्च म्हणून धरता येतील, आणि त्यामुळे सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल. त्यापुढच्या वर्षांची सोय २०१५ च्या वित्त कायद्याने आधीच झालेली होती. जिल्ह्यातल्या कारखान्यांवर पेढे वाटले गेले. पेढ्यांचा एक पुडा साहेबांकडेही आला, आणि त्यांनी तो सुतकातल्या माणसाने घ्यावा तसा घेतला. ज्या प्रश्नावर दोन मुले शिकली, बंगला उठला आणि मधुमेह झाला, तो प्रश्न अर्थसंकल्पाने एका परिच्छेदात संपविला होता. त्या रात्री त्यांनी जेवणही हक्क न राखता केले.

परंतु ज्याच्याजवळ परंतुकाचा चष्मा आहे तो फार काळ दुःखी राहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी विधेयकाचे मसुदे आले, आणि कलम १५५ मध्ये घातलेले एकोणिसावे पोटकलम साहेबांनी दुसऱ्या चष्म्यातून वाचले. सूट आपोआप मिळणार नव्हती. कारखान्याने अर्ज करावयाचा होता, तोही ठरावीक चार वर्षांच्या मुदतीत. आणि सूट मिळणार होती ती सरकारने ठरविलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतच. मान्य केलेला दर! कोणत्या हंगामाचा दर कोणी, कोणत्या पत्रान्वये, कोणत्या तारखेस मान्य केला? पत्र गाळपाआधीचे की नंतरचे? मंत्री समितीची मान्यता ही सरकारची मान्यता होय काय? पुण्याच्या साखर आयुक्तालयातील जावक-वह्या जपून ठेवल्या आहेत काय? साहेब उठले, त्यांनी पेढ्यांचा पुडा कपाटातून काढला, दोन पेढे खाल्ले, आणि मधुमेहाची आठवण करून देणाऱ्या सौभाग्यवतींना, प्रकरण अद्याप प्रलंबित आहे, असे उत्तर दिले.

आता तर १९६१ चा कायदाच गेला. त्याच्या ८१९ कलमांच्या जागी ५३६ कलमांचा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आहे, आणि ज्या कर-निर्धारण वर्षावर साहेबांचे सगळे आयुष्य मांडलेले होते ते वर्षही त्यातून नाहीसे झाले आहे. भाषा सोपी, वाक्ये लहान, कोष्टके पुष्कळ. पुतण्याने विचारले की, कायदाच सोपा झाला तर या धंद्यात पुढे राम उरेल काय? त्या पोराला काही न सांगता साहेबांनी त्याचे नाव विधी महाविद्यालयात घातले, माळीवाड्यातल्या सुताराला आणखी दोन कपाटांचे माप दिले, आणि मग सावकाश खुलासा केला, की जुन्या कायद्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लागायला साठ वर्षे लागली होती. हे शब्द तर अजून कोरे आहेत.